मित्रानं लिहिलेलं वाचा, आणि पुढं द्या

आपल्या ओळखीतलं कुणी लिहितं, हे आपल्याला बरेचदा ठाऊकच नसतं. एखाद्या दोस्तानं हजच्या दिवसांची डायरी ठेवलेली असते. एखाद्या मैत्रिणीनं मुलीच्या लग्नानंतर रिकाम्या झालेल्या घराबद्दल चार-पाच पानं लिहिलेली असतात. लिहिणाऱ्याला वाटतं, घरगुतीच तर आहे. वाचणाऱ्याला वाटतं, छापलेलं नाही म्हणजे किरकोळ असणार. मग ती वही पेटीत राहते, आणि माणूस गेल्यावर घर आवरताना रद्दीत जाते.

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून ठामपणे सांगतो, की उर्दू गद्यातलं फार मोलाचं लिखाण असंच दोस्तांसाठी केलेलं आहे. मिर्झा गालिबची पत्रं घ्या. पाऊस, गळकं छत, पेन्शनची काळजी, आंबे, 1857 नंतर ओस पडलेली दिल्ली, सगळं त्यात आहे, आणि समोर बसून बोलावं तसं आहे. हरगोपाल तफ्ता आणि मुन्शी शिवनारायण आराम या दोस्त-शागिर्दांनी 1858 मध्ये ती छापायची गोष्ट काढली, तेव्हा गालिब राजी नव्हते. ही दोस्तांपुरती बोलणी, लोकांपुढं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण चाहत्यांनी पत्रं जपली, एकमेकांकडून मागवली. 'ऊद-ए-हिंदी' 1868 मध्ये निघालं. 'उर्दू-ए-मुअल्ला' 1869 मध्ये आलं, तोवर गालिब नुकतेच वारले होते. दोस्तांनी चिकाटी सोडली असती तर आज वर्गात आम्ही काय शिकवलं असतं, कोण जाणे.

दुसरं उदाहरण तर आपल्या महाराष्ट्रातलं. 9 ऑगस्ट 1942 ला मौलाना अबुल कलाम आझादांना मुंबईत अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. (नेहरूही तिथंच होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथंच लिहिलं गेलं.) मौलाना पहाटे उठून, स्वतः चहा करून, आपले दोस्त हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहायचे. ती पाठवता येत नव्हती, तरी लिहीत राहिले. पुढं 1946 मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' नावानं छापून आली. त्यात बिनदुधाच्या चिनी चहाचं कौतुक आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेली लढाई आणि मग दोस्ती आहे. 1943 च्या एप्रिलमध्ये बेगम झुलेखा कलकत्त्यात वारल्या. ती खबर कैदेत कशी आली, तेही आहे. राजकारणातले मौलाना पुस्तकांत सापडतात. चिमण्यांना दाणे टाकणारे मौलाना फक्त दोस्ताला लिहिलेल्या पत्रांत भेटतात.

आता आपल्याकडं बघा. 1995 पर्यंत मुंबईहून जेद्दाला हाजी जहाजानं जात होते. त्या प्रवासातली मंडळी आता म्हातारी झालीत, बरीच मरहूम झालीत. मुसाफिरखान्यातला मुक्काम, बंदरावर निरोपाला आलेलं अख्खं गाव, डेकवरची नमाज, समुद्र लागल्यावर कोणी कोणाला लिंबू दिलं, हे कुठल्या सरकारी कागदात मिळणार? एखाद्या दोस्ताच्या अब्बांच्या वहीत मिळेल. आमच्या हाती अशी एक वही आली होती. तिच्यात दुआंच्या शेजारी खर्चाचा हिशोब होता, आणि आम्हाला हिशोबच जास्त बोलका वाटला.

वाचताना एक पथ्य. लाल पेन बाजूला ठेवायचा. आम्हा मास्तर लोकांना हे जड जातं. मराठीत मध्येच 'नक्को', 'हौ' येणार, ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, एक ओळ देवनागरीत तर दुसरी उर्दूत असणार. घरात आपण तसंच बोलतो, मग वहीत वेगळं कुठून येईल?

आणि मुशायऱ्यातल्यासारखी न ऐकताच वाहवा करू नये. लिहिणाऱ्याला तारीफ नको असते असं नाही, पण कुणीतरी तिसाव्या पानापर्यंत पोचलं, याची त्याला जास्त किंमत असते. तुमच्या खालांच्या बिर्याणीचं पान वाचून भूक लागली, असं सांगा. कंटाळवाणं वाटलं असेल तर तेही प्रेमानं सांगावं. दोस्ती तेवढ्यानं तुटत नाही.

दुसऱ्याला वाचायला देताना 'छान आहे, वाचा' म्हटलं की कोणी वाचत नाही. यंदा हजला निघालेल्याला मिनामधल्या रात्रीचं पान द्या. सून आणणार असलेल्या बाईला त्या रिकाम्या घराचं पान द्या. माणूस पाहून पान निवडायचं. व्हॉट्सॲपवर फोटो ढकलला की तिसऱ्या फॉरवर्डला लिहिणाऱ्याचं नाव गळतं आणि कुणीतरी दुसराच लेखक होऊन बसतो. म्हणून नाव त्याच पानावर लिहून मगच फोटो काढावा.

पण आधी इजाजत. मजलिसमधलं बोलणं अमानत असतं, तशी वहीसुद्धा अमानत आहे. तिच्यात रिश्त्यांच्या गोष्टी असतात, जमिनीचे वाद, कुणाची बीमारी. मैत्रिणीनं मैत्रिणीला दिलेलं लिखाण तिच्या सासरी पोचता कामा नये. ती नाही म्हणाली तर विषय तिथंच संपला. काही पानं गाळून द्यायला ती तयार असेल तर तसं करा.

सर्वांत मोठी अडचण लिपीची. आजोबांनी उर्दूत लिहिलेलं मराठी माध्यमातल्या नातवंडांना वाचता येत नाही. उर्दू वाचणारं कुणी घरात असेल तर त्यांना मोठ्यानं वाचायला बसवा आणि मुलांना देवनागरीत उतरवून घेऊ द्या. जुम्म्याच्या दिवशी तासभर पुरतो. न कळलेला शब्द तसाच लिहून खाली रेघ मारा, अंदाजानं बदलू नका. मूळ वही कपाटात कोरड्या जागी ठेवा, पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव आणि साल टाका. शाई फिकी पडत चालली असेल तर उतरवण्याची वाट पाहू नका, दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो आधी काढून ठेवा.