विश्लेषण : जुन्या गाडीची दुसरी चावी बनवणे इतके किचकट का?

जुनी गाडी विकत घेताना इंजिन, टायर, आरसी, विमा सारे काही बारकाईने पाहिले जाते. शेवटी विक्रेता हातावर एकच चावी ठेवतो. ‘दुसरी घरात कुठेतरी असेल, सापडली की देतो’ असे सांगतो आणि व्यवहार पूर्ण होतो. ती चावी सहसा येत नाही. मग नवा मालक नाक्यावरच्या चावीवाल्याकडून हुबेहूब चावी कापून आणतो. तिने दार उघडते, कुलूपही फिरते, पण इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडते किंवा सुरूच होत नाही. हा इंजिनाचा बिघाड नसतो. गाडीने चावी ओळखलेली नसते.

एका चावीत तीन चाव्या कशा?

रिमोट असलेल्या चावीत तीन स्वतंत्र गोष्टी असतात. पहिली, धातूचे पाते. ते दार आणि स्टीअरिंगजवळचे कुलूप फिरवते. दुसरी, रिमोट. त्याला बटणासारखा सेल लागतो आणि बटण दाबले की तो रेडिओ लहरींवरून दरवाजे उघडतो वा बंद करतो. तिसरी, ट्रान्सपाँडर चिप. तिला सेल लागत नाही. कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. चावी आत घालून फिरवली की त्या वेटोळ्यातून, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर, चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख पटवते. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते. उलट, रिमोट ठणठणीत असला आणि चिप नसली तर दार उघडूनही गाडी जागची हलत नाही.

इंजिन बंद कोण पाडते?

हे काम इमोबिलायझरचे. चिपने योग्य उत्तर दिले नाही तर इंजिनाचा संगणक इंधनपुरवठा किंवा ठिणगी रोखतो. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकू लागते. सुरुवातीच्या चिप एकच ठरावीक क्रमांक सांगत. नंतरच्या पद्धतीत गाडी दर वेळी नवी संख्या पाठवते आणि चिप आपल्या गुप्त अंकावरून त्याचे उत्तर काढून देते. ही पद्धतही अभेद्य नाही. ४० बिटी गुप्त अंकाची एक लोकप्रिय चिप जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज येथील संशोधकांनी २००५ मध्येच भेदून दाखवली होती. तरीही वायर जोडून गाडी पळवण्याचा जुना मार्ग इमोबिलायझरमुळे बराच अवघड झाला. युरोपात नव्या मोटारींना तो १९९८ पासून सक्तीचा आहे.

प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमके काय?

नाव चावीच्या प्रोग्रॅमिंगचे असले तरी मुख्य नोंद गाडीत होते. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला उपकरण जोडतात, इमोबिलायझरचा पिन कोड टाकतात आणि चावी कुलपात घालून तिची ओळख गाडीच्या स्मरणात नोंदवतात. अनेक गाड्यांत या वेळी जुनी यादी पुसली जाते आणि समोर असलेल्या चाव्यांचीच नव्याने नोंद होते. त्यामुळे घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्याव्यात, नाहीतर घरी राहिलेली चावी निकामी ठरू शकते. हीच गोष्ट नव्या मालकाच्या पथ्यावर पडते. यादी पुसली की आधीच्या मालकाकडे राहिलेल्या चावीने इंजिन सुरू होत नाही. मात्र तिच्या पात्याने दार उघडते, कारण कुलूप तेच असते.

एक चावी असणे आणि एकही नसणे, यात फरक किती?

मोठा. एक चालू चावी हाती असेल तर पाते तिच्यावरून कापता येते, गाडी स्वतः चालवत नेता येते आणि काम बहुधा नोंदणीपुरते उरते. एकही चावी नसेल तर गाडी उचलून न्यावी लागते किंवा कारागिराला बोलवावे लागते. पाते कापण्यासाठी चावीचा क्रमांक लागतो. तो नव्या गाडीसोबत मिळणाऱ्या छोट्या धातूच्या पट्टीवर असतो. पट्टी नसेल तर कुलूप उघडून माप घ्यावे लागते. पिन कोडसाठी चेसिस क्रमांक आणि मालकीची कागदपत्रे देऊन कंपनीकडे मागणी करावी लागते. तेही जमले नाही तर नियंत्रक काढून त्यातील मेमरी चिप वाचणे किंवा कुलपांसह संपूर्ण संच बदलणे, हे पर्याय उरतात. दुसऱ्या चावीचा खर्च टाळणाऱ्याला पुढे हा खर्च करावा लागतो.

गाडी जुनी असेल तर अडचण कुठे येते?

भंगारातल्या गाडीची चावी स्वस्तात मिळते, पण अनेक चिप एकदा एका गाडीशी जोडल्या की दुसऱ्या गाडीसाठी वापरता येत नाहीत. परदेशातून मागवलेल्या रिमोटचीही तीच गत होऊ शकते. आपल्याकडील रिमोट सहसा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, तर अमेरिकेतील अनेक रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर. आणखी एक चूक नेहमी होते. बटणे झिजली म्हणून नवे कव्हर आणले जाते, सर्किट त्यात बसवले जाते आणि जुने कव्हर कचऱ्यात जाते. काही चाव्यांत चिप सर्किटवर नसते. काळ्या खड्यासारखा तो तुकडा कव्हरच्या खाचेत बसवलेला असतो, आणि तोच फेकला जातो.

सर्व्हिस सेंटर की चावीवाला?

वर्षानुवर्षे पिन कोड आणि निदान-उपकरणे कंपन्यांच्या हाती राहिली. सुटे भाग आणि अशी उपकरणे बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. आज शहरांतील अनेक चावीवाल्यांकडे टॅबलेटसारखी प्रोग्रॅमिंग यंत्रे आहेत आणि जुन्या गाड्यांचे काम ते सहसा कमी पैशांत करतात. मात्र त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : चावीची नवी नोंद करणार की जुन्या चिपची नक्कल? नक्कल केलेली चावी गाडीला जुनीच वाटते. उद्या त्यातली एक हरवली तर तेवढीच बाद करता येत नाही, दोन्ही बाद होतात. काम डोळ्यांसमोर करून घ्यावे आणि बिल घ्यावे. गाडीची बॅटरी अशक्त असेल तर आधी चार्ज करावी, कारण नोंदणीच्या मध्येच वीज गेल्यास नियंत्रकातील माहिती बिघडू शकते.

विम्याचा काय संबंध?

गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी सर्व मूळ चाव्या मागते. एकच चावी दिली तर दुसरी कुठे गेली, हा प्रश्न येतो आणि मालकाने निष्काळजीपणा केला का, यावर दावा अडकू शकतो. म्हणून चावी हरवली की लगेच पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करून तिची प्रत जपावी. नव्या चावीचे बिलही ठेवावे. जुनी गाडी एकाच चावीसह घेतली असेल तर तसे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. हरवलेल्या चावीचा खर्च देणारे संरक्षण बहुधा मूळ पॉलिसीत नसते, ते जादा हप्ता भरून घ्यावे लागते.

खरेदीच्या वेळी काय तपासावे?

दोन्ही चाव्या मागाव्यात आणि प्रत्येक चावीने इंजिन सुरू करून मिनिटभर चालू ठेवावे. दार उघडले एवढ्यावर समाधान मानू नये. चावीच्या क्रमांकाची पट्टी आणि पिन कोडचे कार्ड मिळाले तर ते गाडीत न ठेवता घरी ठेवावे. दुसरी चावी नसेल तर तिचा खर्च विचारून किमतीतून तेवढी रक्कम कमी करून घ्यावी, आणि पहिली चावी खिशात आहे तोवरच दुसरी बनवून घ्यावी.