निपाणीची पाटी आणि वाचणारं यंत्र

महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या, कर्नाटकातल्या निपाणीचं नाव मराठीत लिहायला एक ‘प’ पुरतो. कन्नडमध्ये जोड लागतो, निप्पाणि. देवनागरीत असा जोड शेजारीशेजारी बसतो, अर्धा प आणि पूर्ण प. कन्नडमध्ये दुसरा प पहिल्याच्या पायाशी जातो, त्याला ओत्तक्षर म्हणतात. महामार्गावरची पाटी वाचत जाणाऱ्याला त्याचं काही नसतं. हातानं लिहिलेलं वाचणारं यंत्र घडवायला बसलेल्याला मात्र इथंच घाम फुटतो. डावीकडून उजवीकडे सरकत वाचायचं शिकवलेल्या यंत्राला मध्येच खाली उतरायलाही शिकवावं लागतं.

आपल्याकडे हा उद्योग सुरू झाला मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू झाला. तिथले आर. नरसिंहन चित्राकडे वैयाकरणाच्या नजरेनं पाहत: रेघा म्हणजे शब्द, त्यांची जुळणी म्हणजे वाक्य. व्ही. एस. एन. रेड्डी यांच्यासह १९७१ साली त्यांनी हस्तलिखित अक्षरं ओळखायची पद्धत मांडली. अक्षरं मात्र इंग्रजी. देवनागरीचा नंबर लागला तो कानपूरला, आर. एम. के. सिन्हा यांच्या १९७३च्या प्रबंधात. १९७७ साली आय. के. सेठी आणि बी. चॅटर्जी यांनी हातानं काढलेल्या देवनागरी अक्षरांवर निबंध छापला. त्यांची रीत साधी होती. आडवी रेघ आहे का? उभी आहे का, आणि कुठं? बाक डावीकडे उघडा की उजवीकडे? अशा प्रश्नांनी एकेक शक्यता छाटत जायचं. अट एवढीच, की लिहिणाऱ्यानं शहाण्यासारखं, सुटं सुटं लिहावं. तलाठ्याच्या किंवा डॉक्टरांच्या अक्षराला या अटीत जागा नव्हती.

देवनागरी वाचणाऱ्या यंत्राचा मोठा आधार म्हणजे शिरोरेघ. ती पुसली की दोरी तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखी अक्षरं सुटी होतात. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, मधल्या पट्ट्यात अक्षर. कन्नडला अशी सामाईक रेघच नाही. ज्याचं त्याचं तलेकट्टु ज्याच्या त्याच्या डोक्यावर. म्हणून एकीसाठी केलेली युक्ती दुसरीच्या उपयोगी पडत नाही. शिवाय बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एकाच कागदावर दोन्ही लिप्या आणि वर इंग्रजी असायची. म्हणजे अक्षर ओळखण्याआधी लिपी ओळखणं आलं.

डोळ्याला इतक्या परक्या वाटणाऱ्या या लिप्या व्याकरणाला मात्र सख्ख्या. दोन्हींची वर्णमाला जवळपास तीच, आणि हिंदीच्या लिहिण्यात नसलेला ‘ळ’ दोघींकडे आहे. हे नेमकं हेरलं ते मोहन तांबे आणि त्यांच्या कानपूरच्या सहकाऱ्यांनी. भारतीय लिप्या संगणकावर आणणारं त्यांचं जिस्ट तंत्रज्ञान पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. त्याच विचाराच्या, १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या इस्की या अक्षरसंकेतात ‘क’चा क्रमांक १७९, मग तो मराठीतला असो की कन्नडमधला. कुठल्या लिपीत दाखवायचा हे सांगायला आधी २३९ हा खुणेचा आकडा आणि त्यापाठोपाठ देवनागरीसाठी ६६, कन्नडसाठी ७२. सीमाभागात पाट्यांवरून दगडफेक होत आली आहे. मानकात मात्र दोन लिप्यांत फरक एवढ्या एका आकड्याचा. मला तरी ही त्या काळातली सगळ्यात धाडसी कल्पना वाटते.

भाषेच्या बाजूनं अक्षर भारती गटानं असाच विचार केला. विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सोबत्यांनी पाणिनीच्या कारकव्यवस्थेवर बेतलेलं ‘अनुसारक’ हे भाषांतराचं साधन केलं. कन्नडमधून हिंदी आणि मराठीतून हिंदी, दोन्ही वाटा त्यात होत्या. कन्नड-मराठी थेट वाट असती तर इथल्या लोकांना जास्त बरं झालं असतं.

या सगळ्यांच्या हिशेबाबाहेर राहिली ती मोडी, मराठीची जुनी जलद लिपी. बेळगाव १९५६पर्यंत मुंबई राज्यात होतं. निपाणीच्या देसायांच्या काळापासूनचा इकडचा मराठी व्यवहार मोडीत होता. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरं लटकवत जातो. शब्दाशब्दांमध्ये फट नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. इथं शिरोरेघ पुसून काय उपयोग? अक्षरं तरीही एकमेकांचा हात धरूनच राहतात. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली २०१४ साली. त्याच्या आसपास जळगाव, औरंगाबाद, पुणे इथल्या संशोधकांनी मोडीवर काम केलं, ते बरंचसं सुट्या अक्षरांवर आणि अंकांवर. २०२५ साली आलेल्या मोडीट्रान्स या संग्रहात २,०४३ कागदांच्या प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर आहे. आता यंत्र ओळच्या ओळ वाचायला शिकू लागलंय.

सीमाभागाचा पेच तेवढ्यानं सुटत नाही, कारण मोडीत कन्नडही लिहिली गेली आहे. तसा कागद यंत्रापुढं ठेवला तर ते, जमलंच तर, कन्नड वाक्य देवनागरीत उतरवील, आणि मराठी वाचकाला त्यातलं अक्षर कळेल, अर्थ नाही. कन्नड वाचकासाठी मात्र पुढचं काम सोपं. युनिकोडनं दोन्ही लिप्यांना वेगळे क्रमांक दिले, पण मांडणी इस्कीचीच ठेवली: देवनागरी ‘क’ २३२५, कन्नड ‘क’ ३२२१. काही अपवाद सोडले तर प्रत्येक अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवायचे, की तोच मजकूर कन्नड लिपीत उभा राहतो.