दुय्यम पत्ते आणि राउटरांमधील शेजारसंबंध : एक विवेचन

प्रस्तावना :
महाविद्यालये व कार्यालये यांच्या संगणक-जाळ्याचा विस्तार झाला की जुनी पत्तेश्रेणी अपुरी पडू लागते. अशा वेळी राउटरच्या एकाच इंटरफेसला मूळ पत्त्यासोबत दुसऱ्या सबनेटमधील पत्ताही देण्यात येतो. पहिल्यास प्राथमिक व दुसऱ्यास दुय्यम पत्ता म्हणतात. दोन्ही सबनेटमधील संगणकांची यामुळे सोय होते. परंतु राउटर अन्य राउटरशी शेजारसंबंध जोडतो तेव्हा या दोन पत्त्यांचा दर्जा समान राहत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यास पत्तेबदलाच्या काळात जाळ्याचा एखादा भाग तुटतो आणि दोष सहजासहजी सापडत नाही. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप :
राउटर 'अ' चा प्राथमिक पत्ता १९२.१६८.१.१ व दुय्यम पत्ता १९२.१६८.२.१ आहे, तर राउटर 'ब' ला १९२.१६८.२.२ हा एकच पत्ता आहे, असे समजू. दोन्ही सबनेटचा मास्क २४ बिटांचा आहे. 'ब' वरून १९२.१६८.२.१ या पत्त्यास पिंग केल्यास उत्तर त्याच पत्त्यावरून येते. त्यामुळे जोडणी निर्दोष भासते. मात्र शेजाऱ्याच्या शोधासाठी 'अ' जे हॅलो संदेश पाठवितो, त्यांवर प्रेषक म्हणून प्राथमिक पत्ताच असतो. समस्येचे मूळ येथे आहे.

ओएसपीएफ :
१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २३२८ नुसार, इथरनेटसारख्या सामायिक माध्यमावर आलेल्या पॅकेटचा प्रेषक-पत्ता ग्राहक इंटरफेसच्या सबनेटमधीलच असावा लागतो. हॅलो संदेशातील मास्क, हॅलो व डेड कालावधी आणि क्षेत्र-क्रमांक हेही जुळावे लागतात. त्यामुळे वरील उदाहरणात 'अ' व 'ब' दोघेही परस्परांचे संदेश नाकारतात. सिस्कोच्या राउटरमध्ये दुय्यम सबनेटची माहिती इतरांना कळविता येते, पण त्या पत्त्यावरून शेजारसंबंध जुळत नाही.

ईआयजीआरपी :
सिस्कोने विकसित केलेल्या या प्रोटोकॉलची माहिती २०१६ साली आरएफसी ७८६८ द्वारे प्रसिद्ध झाली. येथे वर्तन अधिक फसवे आहे. 'ब' चा प्रेषक-पत्ता 'अ' च्या दुय्यम सबनेटमध्ये बसत असल्याने 'अ' त्यास शेजारी मानतो. उलट 'ब' ला 'अ' चा प्राथमिक पत्ता परका वाटतो व तो संदेश टाकून देतो. संबंध एकतर्फी राहतो. 'अ' ने १६ वेळा पुनःप्रेषण करूनही पोच मिळत नाही. संबंध तुटतो, आणि पुढील हॅलो येताच पुन्हा जुळल्याचा भास होतो.

बीजीपी व ओएसपीएफ आवृत्ती ३ :
बीजीपीमध्ये शेजारी आपोआप शोधला जात नाही. प्रशासक त्याचा पत्ता स्वतः नोंदवितो व टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी होते. त्यामुळे दुय्यम पत्त्याचाही उपयोग करता येतो. मात्र दोन्ही बाजूंनी नोंदविलेले पत्ते प्रत्यक्ष जोडणीतील पत्त्यांशी जुळले पाहिजेत. आयपीव्ही६ साठीच्या ओएसपीएफ आवृत्ती ३ मध्ये (आरएफसी ५३४०, २००८) शेजारसंबंध सबनेटवर नव्हे, तर दुव्यावर आधारलेला असतो. हॅलो संदेश दुवा-स्थानिक पत्त्यावरून जात असल्याने ही अडचण मुळातच उद्भवत नाही.

निष्कर्ष :
पत्ता पोहोचण्याजोगा असणे आणि त्या पत्त्याने शेजारी म्हणून ओळखले जाणे, या दोन भिन्न बाबी आहेत. म्हणून एका माध्यमावरील सर्व राउटरांचे प्राथमिक पत्ते एकाच सबनेटमधील असावेत. पत्तेबदल करताना प्रथम सर्व राउटरांवर नवे सबनेट दुय्यम म्हणून जोडावे व नंतर पूर्वनियोजित वेळी सर्वांचे प्राथमिक पत्ते एकत्र बदलावेत. प्रयोगशाळेतही विद्यार्थ्यांना केवळ पिंगच्या यशावर विसंबू न देता शेजाऱ्यांची यादी दोन्ही राउटरांवर तपासावयास लावणे इष्ट ठरेल.