टीव्ही घ्यायचाय? आधी पॅनेलचं विचारा

“काका, त्रेचाळीस इंची घेऊ का पंचावन्न?”

नवरात्र बसलं, हरसिद्धी मातेच्या यात्रेची गर्दी सुरू झाली, की हर्सूलमधल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर सेलचं पान उघडं असतं आणि मन बहुतेक वेळा पंचावन्नवर जडलेलं असतं. मी किंमत विचारत नाही. सोफ्यापासून भिंत किती लांब आहे आणि घरात बघतात काय, एवढंच विचारतो.

उत्तरही ठरल्यासारखं येतं. हॉल दहा बाय बारा, गच्चीवर डीडी फ्री डिशची तबकडी, आजीला सह्याद्री आणि कीर्तन, पोरांना यूट्यूब आणि क्रिकेट. अशा घरासाठी थोडं गणित करावं लागतं. इंच मोजतात ते पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत. पंचावन्न इंची पडदा साधारण १२२ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे चार फूट. त्रेचाळीसचा ९५ सेंटीमीटर. फोर-के चित्र बघायचं तर या तिरप्या मापाच्या दीडपट अंतर पुरतं : त्रेचाळीसला साडेपाच फूट, पंचावन्नला सात. दहा बाय बाराच्या हॉलात दोन्ही बसतात. अडचण येते ती चित्राची. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या, ५७६ ओळींच्या आहेत. फोर-के पडद्यावर ओळी २१६०. मधली तूट टीव्ही अंदाजानं भरतो, आणि पडदा जितका मोठा तितका तो अंदाज डोळ्यांवर येतो. कीर्तनकाराचा चेहरा मेणासारखा दिसायला लागतो. जिथं दिवसभर अशाच वाहिन्या लागतात, तिथं मी त्रेचाळीसवर थांबायला सांगतो. पोरांचा हट्टच असेल आणि घरात इंटरनेट चांगलं असेल, तर पंचावन्न जरूर घ्या.

आता खऱ्या विषयाकडे येतो. तो म्हणजे पॅनेल. सेलच्या जाहिरातीत एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशी नावं एका ओळीत छापलेली असतात आणि गिऱ्हाईक त्यांना एकाच जिन्याच्या पायऱ्या समजतं. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीचा पडदा आणि त्याच्या पाठीमागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या. क्यूएलईडीतही पडदा एलसीडीचाच, फक्त रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा एक थर त्यात जास्त असतो. ओएलईडीची जात वेगळी. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी चालते, तिथं तिचा कोपऱ्यातला लोगो ओएलईडीवर कायमचा उमटण्याचा धोका असतो. अशा घराला मी ओएलईडी सुचवत नाही, पैसे असले तरीही.

माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींपैकी एक अगदी नेहमीची : “आवाज येतो, चित्र नाही.” अंधारात टॉर्च पडद्याला तिरपी लावली, की चित्र पुसट दिसतं. म्हणजे पॅनेल ठीक, मागची दिव्यांची पट्टी गेली. पट्टीतले दिवे एकापुढे एक जोडलेले असतात. एक गेला की अख्खी ओळ विझते. पट्टी बदलता येते आणि खर्च आवाक्यातला असतो. हे दिवे लवकर जातात कारण टीव्ही वर्षानुवर्षं पूर्ण उजेडावर चालवला जातो. बॅकलाइट थोडी कमी ठेवा, दिवे जास्त टिकतील आणि वीजही कमी लागेल.

पॅनेलच फुटलं तर मात्र माझ्याही हातात फारसं काही राहत नाही. नवं पॅनेल जवळजवळ नव्या टीव्हीच्या किमतीला जातं आणि फुटणं वॉरंटीत बसत नाही. पोराचा चेंडू लागणं समजू शकतं. पण मला हळहळ वाटते ती दिवाळीच्या साफसफाईत गेलेल्या टीव्हींची. पडद्यावर थेट फवारा मारला, की पाणी ओघळून खालच्या कडेत उतरतं. तिथंच पडद्याला जोडलेल्या बारीक पट्ट्या असतात. त्या गंजल्या की पडद्यावर उभ्या रेघा येतात. कोरडं मऊ कापड पुरतं. डाग असेल तर कापड किंचित ओलं करा, पडदा नाही.

जालना रोडवरच्या शोरूममध्ये गेलात तर तिथं भिंतभर फुलं, मासे, मध असं चकचकीत चित्र फिरत असतं. ते मुद्दाम दुकानासाठी बनवलेलं असतं आणि टीव्हीही भडक मोडवर ठेवलेला असतो. विक्रेत्याला सांगा, “दादा, पिक्चर मोड साधा करा आणि एखादी नेहमीची मराठी वाहिनी लावा.” स्वतःच्या मोबाइलवर काढलेला घरच्यांचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर नेलात तर फारच उत्तम, कारण आपल्या माणसांच्या कातडीचा रंग आपल्याला पाठ असतो. मग एक करड्या रंगाचं सपाट चित्र लावून कोपरे बघा. एखादा कोपरा उजळ किंवा मळकट असेल तर लगेच कळतं. शेवटी टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा. कोणी बनवला, कोणत्या महिन्यात, हे त्यावर लिहिलेलं असतं.

हे लेबल वाचा म्हणून मी आग्रह धरतो, कारण ब्रँडचं नाव आणि बनवणारा एकच असेल असं नाही. आपल्या जिल्ह्याइतकं हे कोणाला कळणार? पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही बनत होते. २००५ मध्ये याच समूहानं फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. त्याचे कारखाने इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमध्ये होते. पण जग तेव्हाच काचेच्या ट्यूबकडून सपाट पडद्याकडे वळत होतं आणि काही वर्षांत ट्यूबला गिऱ्हाईक उरलं नाही. कर्जात बुडालेली व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. आज ‘थॉमसन’ हे नाव भारतात सपाट टीव्हींवर पुन्हा दिसतं, ते सुपर प्लास्ट्रॉनिक्स या कंपनीनं परवान्यावर घेतलेलं आहे. यात गैर काही नाही. तुम्ही फक्त एवढं विचारा, की या टीव्हीचा पॅनेल किंवा बोर्ड बदलायचा तर आपल्या शहरात येणार कोण, आणि किती दिवसांत.

पैशाचं बोलू. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणून किंमत दहा टक्के उतरेल, असा अनेकांचा समज झाला. कराआधीची किंमत ४०,००० धरा. पूर्वी टीव्ही ५१,२०० ला पडायचा, आता ४७,२००. सूट चार हजारांची, म्हणजे जुन्या किमतीच्या पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. ३२ इंचीवर कर २०१९ पासूनच १८ टक्के आहे. त्यात काही बदललेलं नाही. म्हणून लहान टीव्ही ‘जीएसटी कपातीमुळे स्वस्त’ म्हणून कोणी दाखवला, तर कारण दुसरं असणार. छापील एमआरपीवर मोजलेल्या टक्क्यांकडेही फार बघू नका. श्रावणातच मॉडेल नंबर आणि भाव वहीत लिहून ठेवा आणि दसऱ्याला त्याच्याशी ताडून बघा.

‘नो कॉस्ट ईएमआय’चं गणित असं. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम सूट म्हणून आधी वजा करतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खात्यातून जाते. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोख दिल्यावर भाव किती उतरतो, हे आधी विचारा आणि मग हप्त्यांचा विचार करा. मोबाइलवर ‘फक्त दोन शिल्लक’ असा इशारा दिसला तरी घाई करू नका. खोटी घाई लावणं हा ‘डार्क पॅटर्न’ आहे आणि केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला मनाई केली आहे.

टीव्ही घरी आला की खोका उघडताना मोबाइलवर अखंड चित्रण करा आणि पडदा पेटवून बघितल्याशिवाय डिलिव्हरीवाल्याला ओटीपी देऊ नका. लगेच पेटवून दाखवत नसतील, तर निदान खोक्याचे कोपरे आणि पडद्याची काच उजेडात नीट बघा. बिलावरचा सिरीयल नंबर टीव्हीच्या पाठीवरच्या नंबराशी जुळतो का, हेही तेव्हाच पाहा. काही बिनसलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथं सुटलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, विक्रेता बंगळूरचा असो वा गुरुग्रामचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी फी लागत नाही.