घाट उतरणारी साहेबी गाडी

संपादकांनी मला धाडलं ते मागच्या सीटवर बसायला. मोठे अधिकारी ज्या लांबलचक सेडानमधून पुणे-मुंबई करतात, तिच्यात एवढं असतं तरी काय ते बघून या, म्हणाले. गाडी ओळखीच्या एका गृहस्थांची. कंपनीचं नाव छापायचं नाही, ही त्यांची अट.

या जातीचा इतिहास आपल्याकडे फार जुना नाही. मर्सिडीजची 'ई-क्लास' 1995 मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळू लागली, 2009 मध्ये चाकणला कारखाना झाला आणि 2017 मध्ये तिची लांब आवृत्ती आली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 140 मिलिमीटरने वाढवलं, ते सगळं मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी. मागची पाठ 37 अंशांपर्यंत कलते. अशा लांब गाड्यांचा शौक आधी चीनचा. पण साहेब मागेच बसतो, हे आपल्यालाही नवं नाही.

आमच्याही गाडीत सीटला बारीक छिद्रं, आत पंखे, शिवाय पाठ चेपणारी यंत्रणा. एक बटण दाबलं की पुढची रिकामी सीट आपणहून पुढे सरकते. काचा दुहेरी, त्यामुळे ट्रकचा हॉर्न शेजारच्या गावातून आल्यासारखा वाटतो. खंडाळ्यापर्यंत मी पेंगत होतो.

"साहेब, मागे बसून घाट कळायचा नाही," चालककाका म्हणाले. मी पुढे जाऊन बसलो. आम्ही जुन्या रस्त्याला लागलो.

काकांनी याच बोरघाटात ट्रक चालवलेत. तेव्हाचा धडा एकच: ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारली की सगळा भार ब्रेकवर. लायनर तापले की पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. इथे मात्र गिअरचा दांडाच नाही. गाडी उतार ओळखून आपणच खालचा गिअर घेते. स्टिअरिंगमागच्या पातीने तो बोटाने घेताही येतो, आणि काका तो स्वतःच घेतात. "तिला कळतं हो, पण वळण झाल्यावर कळतं."

मला भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. इंजिनाला जोडलेली मोटर उतारावर जनित्र होते. गाडीचा वेग खाते आणि 48 व्होल्टच्या बॅटरीत वीज भरते. शिंग्रोबाच्या देवळाशी काकांनी काच खाली करून नाणं टाकलं, तेव्हा पडद्यावरचा बाण बॅटरीकडे वळलेला होता. याच डोंगरावरून लोणावळा, वळवण, शिरोट्याचं पाणी नळांतून सुमारे 500 मीटर खाली येतं आणि खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रात 1915 पासून वीज होतं. घाट उतरताना काहीतरी कमवावं, ही खोपोलीची जुनीच चाल.

आता अडचणी. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं रडार द्रुतगती मार्गावर गुणाचं. पण अंतर राखलं की त्या फटीत कोणीतरी घुसतो, मग गाडी आणखी मागे सरते, आणखी कोणी घुसतो. पट्टे वाचणारा कॅमेरा पावसाळी धुक्यात आंधळा, आणि घाटात धुकं चार महिने. जुन्या रस्त्यावर तर पट्टेच मधूनमधून. काकांनी ते सगळं खंडाळ्यातच बंद करून टाकलं होतं.

शीळफाट्याजवळच्या एका गॅरेजवाल्याला विचारलं, अशी गाडी बंद पडली तर? पूर्वी घाट चढून उकळलेल्या गाड्यांवर त्याच्या वडिलांचं पोट चालायचं. रेडिएटरचं भोक ते झाळून बुजवायचे. या गाडीचं बॉनेट तो उघडतच नाही. समोरची काच बदलली तरी कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, तो यंत्रावर, शहरात. "आमचं काम एकच, टोइंगवाला येईपर्यंत चहा पाजायचा."

तो चहा येईपर्यंत काका गाडीभोवती फिरले. पडद्यावर टायरची हवा, बॅटरी, सगळं ठीक दाखवत होतं. तरी ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, रिमला न लावता तळहात जवळ धरला आणि वास घेतला.