अणूंची थरथर आणि विजेची वाट

मोबाइल का तापतो, असे घरातल्या मुलांनी विचारले की आपण बॅटरीकडे बोट दाखवून मोकळे होतो. पण मुलांना अर्धवट उत्तर देऊ नये, असे आम्हाला वाटते. वीज म्हणजे धावणारे इलेक्ट्रॉन. ज्या पदार्थातून ते धावतात, त्याचे अणू रांगेत बसलेले असले तरी सतत थरथरत असतात. या थरथरीमुळे इलेक्ट्रॉनची वाट बदलते, त्याची ऊर्जा अणूंकडे जाते आणि पदार्थ तापतो. वीज अशीच वाया जाते.

ही नासाडी कमी कशी होईल? या शोधात ग्राफीनला मोठे महत्त्व आले. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा फक्त एका अणूइतका जाड पापुद्रा. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने पापुद्रे सोलत तो वेगळा केला आणि 2004 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. 2010 चे नोबेल त्यांना मिळाले.

ग्राफीनमधले कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे त्यांची थरथर इलेक्ट्रॉनला फारशी अडवत नाही. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात 2008 मध्ये झालेल्या मोजणीवरून दिसले, की अडथळा फक्त ग्राफीनच्या स्वतःच्या थरथरीचा असेल, तर त्यातले इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा शंभरपटीहून अधिक सहजतेने सरकतील. मात्र ग्राफीन काचेसारख्या सिलिकॉन डायऑक्साइडवर ठेवले, की खालच्या थराची थरथर वर पोचते आणि हा लाभ सुमारे पाचपटीने घटतो. म्हणजे दोष घरचा कमी, शेजारचा जास्त! पुढे बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये ग्राफीन ठेवून हा त्रास बराच कमी करण्यात आला.

ही थरथर पाहायची कशी? इथे आपल्या देशाचा वाटा येतो. सी. व्ही. रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी शोधलेला प्रकाशाचा परिणाम इथे कामी येतो. ग्राफीनवर लेसर टाकला, की परतलेल्या प्रकाशाचा बदललेला रंग अणूंची कंपने सांगतो. त्यातले एक कंपन सेकंदाला सुमारे 47 लाख कोटी वेळा होते! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अजय सूद, अनिंद्य दास आणि त्यांच्या केंब्रिजमधील सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवले, की इलेक्ट्रॉनची संख्या बदलली तर या कंपनाचा वेगही बदलतो. म्हणजे परिणाम दोन्ही बाजूंनी होतो.

उद्याच सिलिकॉन हद्दपार होईल, असे नाही. ग्राफीनमधला प्रवाह पूर्ण बंद करणे अवघड असते आणि चिपला तर चालू-बंद दोन्ही लागते. तरी विजेची वाट नेमकी कुठे अडते, हे आता कळले आहे. आपली मुले-मुली भौतिकशास्त्र घेऊ म्हणाली, तर पुढचे काम त्यांचीच वाट पाहत आहे.