गावठाणातील रस्त्यांचे पुनरुज्जीवन आणि अल्पखर्चिक संगणकीय नकाशांकन

ब्रिटिशकालीन महसुली भूमापनात महाराष्ट्रातील शेतजमिनींची मोजणी झाली. मात्र बहुतांश गावठाणांतील घरे व गल्ल्या यांची स्वतंत्र मोजणी झाली नाही. ही उणीव दूर करण्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोनच्या छायाचित्रांवरून १:५०० प्रमाणाचे नकाशे तयार केले. या प्रमाणात जमिनीवरील एक मीटर अंतर कागदावर दोन मिलिमीटर भरते.

तथापि रस्त्याच्या कामाला एवढा नकाशा पुरेसा ठरत नाही. आकाशातून छपरांच्या कडा दिसतात. वळचणीखालची भिंत, उंबऱ्याची उंची व गटाराचा उतार दिसत नाही. भ्रमणध्वनीतील जीपीएसमध्ये मोकळ्या आकाशाखालीही सुमारे ५ मीटरची चूक संभवते, आणि अनेक गल्ल्यांची रुंदी त्याहून कमी असते.

यावरील उपाय खर्चिक नाही. क्यूजीआयएस या मोफत संगणकप्रणालीत ड्रोन-नकाशा आधारभूत घ्यावा. ठराविक अंतरावर टेपने गल्लीची रुंदी मोजावी. गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने उंबरे, रस्ता व गटार यांच्या पातळ्या घेऊन त्या नकाशावरील बिंदूंना जोडाव्यात.

यांपैकी पातळीची नोंद सर्वांत महत्त्वाची होय. जुना थर न काढता काँक्रीट टाकत गेल्यास रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पावसाचे पाणी घरात शिरते. असा नकाशा कामाच्या मंजुरीपूर्वी ग्रामसभेपुढे ठेवल्यास खोदाई कोठे व किती करावी, हे घराघरागणिक ठरविता येते.